कलईगराची पणती

अम्मीच्या पलंगाखाली एक पत्र्याची पेटी आहे. अब्बांच्या इंतकालानंतर ती सहा वर्षे कुणी उघडली नव्हती. 2022 च्या जूनमध्ये दहावीचा निकाल लागला, त्याच संध्याकाळी माझ्या भाचीने ती बाहेर ओढली, ओढणीने धूळ पुसली आणि झाकण उघडले. आत अब्बांचा लाकडी मुठीचा सोल्डरिंग आयर्न, काट्याचा मल्टिमीटर, राळेचा पिवळा खडा, डाखाच्या तारेचे अर्धे भेंडोळे आणि काडेपेटीत जपून ठेवलेले जुने ट्रान्झिस्टर होते. तळाशी चामड्याची एक थैली होती. थैलीत कथलाचा तुकडा आणि पुडीत दगड होऊन बसलेला नवसागर. ही थैली अब्बांची नव्हे, दादाजींची.

"मामू, ये सब मेरे कू दे दो," ती म्हणाली. "मैं आयटीआय में इलेक्ट्रॉनिक्स का फारम भरतूं."

या मुलीविषयी मी लिहीत आहे. तिचे नाव लिहिणार नाही, तशी तिची अट आहे. घरात तिला सगळे छोटी म्हणतात, तेवढे पुरे. पण हे लिहिणे थोडे माझ्याविषयीही आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि छोटी माझ्याच वर्गातून दहावी झाली. तिच्या वाटेत जो मोठा दगड आला, तो तिथे ठेवण्यात माझाही हात होता. हे कळायला मला तिचे आयटीआयचे पहिले दोन महिने लागले.

दादाजी कलईगर होते. मी त्यांना पाहिले नाही, अब्बांकडून ऐकले. येरमाळा, मोहा, इटकूर, शिराढोण अशी त्यांची ठरलेली गावे होती. पारापाशी खड्डा खणायचा, भाता जोडायचा, कोळसे फुलवायचे. बाया घरोघरची तांब्यापितळेची भांडी आणून ओळीने मांडायच्या. भांडे तापले की आत नवसागर टाकायचा, भक्कन पांढरा धूर उठायचा. लगेच कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्याने एका दमात फिरवायचे, की भांडे आतून चांदीसारखे उजळायचे. ज्या वाड्यांत दादाजींना ओट्याच्या वर पाऊल ठेवता येत नसे, त्या वाड्यांतली पातेली त्यांच्या हातून उजळून चुलीवर जात. पुढे स्टेनलेस स्टील आले. भाता माळ्यावर गेला, तो परत उतरला नाही.

अब्बांनी बार्शीला एका उस्तादांकडे रेडिओचे काम शिकून घेतले आणि कळंबच्या बाजारात आठ फुटांची एक खोली भाड्याने घेतली. मर्फी, बुश, फिलिप्स असे सेट त्यांच्याकडे यायचे. काडेपेटीतले ते ट्रान्झिस्टर त्या दिवसांतले. जर्मेनियमचा एसी 128 आणि मग सिलिकॉनचा बीसी 148. अब्बांचे शिक्षण चौथीपर्यंत, उर्दूतून. पण कोणता पाय कलेक्टरचा आणि कोणता एमिटरचा हे ते अंधारातही सांगत. मला मात्र त्या दुकानाचा राग यायचा. कपड्यांना राळेचा वास आणि वर्गात "रेडिओवाल्याचा" ही ओळख. मी बीएस्सी केले, बीएड केले. शाळेत पहिल्या दिवशी निघालो तेव्हा अब्बा गिऱ्हाईकाला म्हणाले, "आमच्या घरात पहिल्यांदा कुणाच्या हातात खडू आला." त्यांचा अभिमान मी खुशीने घेतला. तो खडू तासिका तत्त्वावरचा होता, महिन्याचे मानधन कधी तीन महिन्यांनी यायचे, हे त्यांना सांगितले नाही.

म्हणून छोटीने पेटी उघडली तेव्हा पहिला विरोध माझाच होता. आपाचे, म्हणजे तिच्या अम्मीचे म्हणणे वेगळे होते. आपा बेवा, शिलाईवर घर चालवणारी. तिला मुलीच्या एसटीच्या प्रवासाची काळजी होती. माझे कारण त्याहून हलके होते. मला वाटत होते, दोन पिढ्यांनंतर घरात पुस्तक आले आणि ही पोरगी पुन्हा हत्यारांकडे चालली. "अकरावी सायन्स घे, पुढे डीएड-बीएड कर," मी म्हणालो. तिने शांतपणे विचारले, "मामू, बीएड करके तुमको क्या मिला?" आपा तिच्यावर ओरडली. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सायबर कॅफेत जाऊन तिचा अर्ज मीच भरला.

इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेड. दहावीला विज्ञान आणि गणित असले की प्रवेश मिळतो. जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये तिचा नंबर लागला. तुकडीत मुली मोजक्या, त्यात उर्दू माध्यमाची ही एकटी.

ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी ती एसटीतून उतरून सरळ माझ्या खोलीत आली. पिशवी टाकली आणि म्हणाली, "मेरे कू नाम कटवाना है."

काय झाले ते हळूहळू बाहेर आले. निदेशकांनी वर्गात विचारले होते, तारेतून काय वाहते? छोटीने हात वर केला. उत्तर तिला पक्के येत होते. ती म्हणाली, "बर्की रौ." वर्ग क्षणभर गप्प झाला आणि मग हसला. निदेशक भले माणूस, ते हसले नाहीत, पण त्यांनाही शब्द कळला नाही. त्यांनी पुढच्या मुलाला विचारले, तो "विद्युतधारा" म्हणाला आणि बसला. त्या दिवसापासून हिने हात वर करणे सोडले होते. फळ्यावर रोध आला, विभवांतर आले, अर्धवाहक आला. छापील पुस्तकात रेझिस्टन्स, पोटेन्शियल, सेमीकंडक्टर. हिच्या डोक्यात मुजाहमत आणि नीम-मूसिल. वस्तू तीच, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते.

कुणी म्हणजे मी. तिला दहावीचा "बर्की रौ के असरात" हा धडा मीच शिकवला होता. बालभारतीचे उर्दू पुस्तक हातात घेऊन, मनापासून, प्रयोग करून. पोरांना समजले की नाही हे मी पाहत असे. ही पोरे पुढे कोणत्या दारातून जाणार आणि त्या दारावर कोणती पाटी असणार, हे मात्र कधी पाहिले नाही. आपल्या जबानची खिदमत म्हणून मी वर्गात मराठी शब्द मुद्दाम टाळत आलो होतो.

त्या रात्री मी एक दोनशे पानी वही काढली आणि पानांवर तीन खाने आखले. पहिल्यात उर्दू, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात वर्कशॉपमध्ये खरोखर बोलतात तो शब्द. बर्की रौ, विद्युतधारा, करंट. मुजाहमत, रोध, रेझिस्टन्स. मकनातीस, चुंबक, मॅग्नेट. तअद्दुद, वारंवारता, फ्रिक्वेन्सी. नीम-मूसिल, अर्धवाहक, सेमीकंडक्टर. लिहिता लिहिता मीच थांबलो. मूसिल म्हणजे जोडणारा, वस्ल या शब्दाशी त्याचे नाते. वाहक म्हणजे वाहून नेणारा. एक भाषा म्हणते जोडतो, दुसरी म्हणते नेतो. दोन्ही खरेच आहे. तारेत वीज वाहते ती कुणाला तरी जोडण्यासाठीच. हे मी बारा वर्षे शिकवत होतो आणि मला ते तेव्हा दिसले.

वास्तविक आपल्या मराठवाड्याला हे काम नवे नाही. मौलवी अब्दुल हक 1912 मध्ये अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे सचिव झाले आणि पुढे कित्येक वर्षे अंजुमनचा कारभार औरंगाबादेतून चालला. 1928 मध्ये अंजुमनने "सायन्स" नावाचे उर्दू नियतकालिक काढले. हैदराबादेत 1917 मध्ये दारुत्तर्जुमा उभा राहिला, 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, आणि डॉक्टरी व इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून शिकवले जाऊ लागले. नीम-मूसिलसारखे शब्द अशाच मेहनतीतून घडत आले. 1948 नंतर उस्मानियाचे माध्यम बदलले. शब्द शाळेच्या पुस्तकांत राहिले, त्यांच्या पुढचे कारखाने आणि कॉलेजे मात्र दुसऱ्या भाषांत गेली. 1998 मध्ये हैदराबादला मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ स्थापन झाले. त्याची उर्दू माध्यमाची आयटीआय आणि पॉलिटेक्निक हैदराबाद, बेंगळुरू, दरभंगा इथे आहेत. कळंबहून हैदराबाद फार लांब नाही, पण आपाला ते परदेशाएवढे लांब वाटले. आणि तिथून शिकून बाहेर पडणाऱ्यालाही कंपनीच्या दारात दुसरी भाषा भेटणारच. उर्दूतून शिकणे ही चूक नाही. पुढच्या भाषेच्या हातात मुलाचा हात न देता त्याला सोडून देणे ही चूक आहे.

छोटीने नाव कटवले नाही. रोज रात्री आम्ही वही घेऊन बसू लागलो. ती वर्कशॉपचा शब्द आणायची, मी त्याची मराठी आणि उर्दू शोधायचो. कधी उर्दू सापडायची नाही, मग तो खाना रिकामा ठेवायचा. रेझिस्टरच्या रंगांचा क्रम तिने दखनीत पाठ केला: काला, भूरा, लाल, नारंगी, पीला, हरा, नीला, ऊदा, राखी, सफेद. शून्यापासून नऊपर्यंत. स्वयंपाकघरातून अम्मीचा आवाज यायचा, "ऊदे के बाद राखी!" ऐकून ऐकून अम्मीलाही पाठ झाले होते.

एक गंमत झाली. दिवाळीनंतर तिच्या तुकडीतला एक मुलगा तिच्याकडे वही मागायला आला. "विद्युतधारा" म्हणून बसलेला तोच. वारंवारता त्याला ठाऊक होती, पण यंत्रावर फ्रिक्वेन्सी लिहिलेले असायचे आणि गाडी तिथे अडायची. मराठी माध्यमाचे पोरही त्याच खड्ड्यात होते, फक्त हसण्याच्या बाजूला बसले होते. वहीच्या झेरॉक्स निघाल्या. पहिला खाना त्यांच्या उपयोगाचा नव्हता, पण झेरॉक्समध्ये तोही गेला. काही दिवसांनी छोटी सांगत आली, ती पोरे आता करंटला मुद्दाम बर्की रौ म्हणतात. चिडवायला नव्हे, शब्द आवडला म्हणून.

पहिल्या वर्षी तिला मल्टिमीटर, पॉवर सप्लाय, डाख देणे आणि डाख काढणे शिकवले. एके दिवशी तिने मला विचारले, "दादाजी के अब्बा नवसागर काय कू डालते थे?" मला सांगता आले नाही, तिनेच सांगितले. तापलेल्या धातूवर हवेने ऑक्साइडचा थर चढतो. त्या थरावर कथील धरत नाही, गोळा होऊन ओघळते. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. उष्णतेने तो फुटतो आणि तो थर खाऊन टाकतो, मग स्वच्छ धातूवर कथील पसरते. सर्किटवर डाख देताना राळ लावतात ती त्यासाठीच. वर्कशॉपमध्ये तिला फ्लक्स म्हणतात. आयर्नच्या टोकाला आधी कथलाचा पातळ थर देतात, त्याला टिनिंग म्हणतात. "मतलब कलई," ती म्हणाली. "मामू, मैं कलईच कर रही हूं, बस भांडे छोटे हो गए."

मी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेला माणूस. माझ्या दादाजींच्या धुरातले रसायन मला दहावी पास पोरीने सांगितले. इल्म वरचे आणि हुनर खालचे, असे मी मनात कुठेतरी धरून बसलो होतो. आपल्या समाजात हुनरमंदांची कमी कधीच नव्हती. कलईगर, लोहार, विणकर, रेडिओवाले, पंक्चरवाले सगळीकडे आहेत. कमी होती ती त्या हुनरामागचे कारण सांगणाऱ्या शाळेची, आणि हाताला कागद देणाऱ्या संस्थेची. सच्चर समितीने 2006 च्या अहवालात आयटीआयविषयी लिहिले आहे, की प्रवेशाची अट आठवीपर्यंत खाली आणावी, ज्या उद्योगांना पुढे वाव आहे त्यांचे शिक्षण द्यावे आणि ते अल्पसंख्याक वस्तीजवळ द्यावे. आपण त्या अहवालातले दुःखाचे आकडे सभांतून पुष्कळ सांगितले. ही साधी शिफारस मात्र मी स्वतः छोटीमुळे पहिल्यांदा नीट वाचली.

दुसऱ्या वर्षी काम बारीक होत गेले. सर्किटवर चिकटवायचे सुटे भाग आले, त्यात 1.6 मिलिमीटर लांब आणि 0.8 मिलिमीटर रुंद असा रेझिस्टर. मोहरीहून लहान. तो चिमट्याने उचलून जागेवर बसवायचा. श्वास जोरात सोडला तर उडून जातो. आणि स्थिर विजेची शिस्त आली. आठवीच्या वर्गात मी कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवतो, पोरे टाळ्या वाजवतात. तीच वीज चिपची दुश्मन. माणसाला चटका जाणवायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात, नाजूक चिप शंभराच्या आतच मरते. म्हणजे आपल्या हातून ती मेली तरी आपल्याला कळतही नाही. म्हणून मनगटाला पट्टा बांधून तो जमिनीला जोडतात. पट्ट्यात दहा लाख ओहमचा रोध असतो. त्यामुळे अंगावरची वीज हळू उतरते, आणि चुकून मोठ्या विजेला हात लागलाच तर माणूसही वाचतो. ते ऐकल्यावर तिने नायलॉनच्या ओढण्या बाजूला ठेवल्या आणि आपाकडून सुती शिवून घेतल्या.

त्याच वर्षी पैगाम आला. मुलगा चांगला, घर ओळखीचे. त्यांची एकच अट होती, पुढचे शिक्षण बंद. अम्मीला वाटत होते, हो म्हणावे. मला वाटले, आपाही हो म्हणेल. आपाने शिलाई मशीनवरून मान वर न करता सांगितले, "मेरे मियां गुजरे तब मेरे हाथ में सुई थी, करके हम जिंदा हैं. इसके हाथ का छुड़ाना नक्को." विषय तिथेच संपला.

2024 मध्ये ती पास झाली आणि पुण्याकडच्या एका कंपनीत वर्षभर शिकाऊ उमेदवार म्हणून राहिली. तिचे पहिले विद्यावेतन माझ्या मानधनापेक्षा जास्त होते. मला आनंद झाला आणि थोडे टोचलेही, खोटे कशाला बोलू. तिथे डाखाची तार नव्हती, डाखाची पेस्ट होती आणि ती फ्रिजमध्ये ठेवायची. जाळीतून ती सर्किटवर छापायची, यंत्राने भाग मांडायचे आणि पट्टा भट्टीतून जायचा. अब्बांच्या डाखात शिसे होते. कथील 63 टक्के आणि शिसे 37 टक्के असा डाख 183 अंशांना वितळतो. युरोपने जुलै 2006 पासून शिशावर बंधन घातले, तेव्हापासून निर्यातीच्या मालात कथील, चांदी, तांबे असा डाख आला. तो 217 अंशांच्या पुढे वितळतो. डाख देताना उठणारा राळेचा धूर अब्बांनी तीस वर्षे आठ फुटांच्या खोलीत घेतला, पंखाही लावत नसत, कारण वाऱ्याने टाका थंड पडतो. हे ती फोनवर सांगत होती, तेव्हा अब्बांचा शेवटच्या वर्षांतला खोकला मला ऐकू येत होता.

गेल्या वर्षी, 2025 च्या नोव्हेंबरात, तिला मुलाखतीसाठी बोलावणे आले. चिप पॅक करण्याचा आणि तपासण्याचा कारखाना. पत्त्यात लिहिले होते, साणंद, जिल्हा अहमदाबाद.

आपल्या देशात चिपचे काम पूर्वीही झाले. मोहालीला सरकारी कारखाना होता, तिथे फेब्रुवारी 1989 मध्ये आग लागली आणि आपण कितीतरी वर्षे मागे पडलो. मुंबईत 1973 मध्ये अंधेरीला इलेक्ट्रॉनिक्स निर्यातीसाठी सीप्झ उभे राहिले. डिसेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टरसाठी 76 हजार कोटींची योजना मंजूर केली. 2023 आणि 2024 मध्ये साणंद, धोलेरा आणि आसामातले जागीरोड इथल्या प्रकल्पांना मंजुरी मिळाली. हे सगळे मी वर्तमानपत्रात वाचत होतो, पण ते आपल्या पलंगाखालच्या पेटीपर्यंत येईल असे वाटले नव्हते.

साणंद नकाशावर कुठे आहे हे अम्मीने विचारले नाही. तिने एवढेच विचारले, "गुजरात?"

2002 नंतर आमच्या घरात हा शब्द हळू आवाजात बोलला जातो. तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांचा होतो. संध्याकाळी अब्बा दुकानातला रेडिओ लहान आवाजात लावून बातम्या ऐकायचे आणि मला पाहिले की बंद करायचे. चोवीस वर्षे होत आली. भीती खरी आहे की जुनी, हे घरात बसून ठरवता येत नाही. तीन दिवस घरात कुणी नीट जेवले नाही. मी छोटीला म्हणालो, पुण्यातच बघ, मुंबईकडे बघ. ती म्हणाली, "मामू, तुम्हीच बोले थे ना, नीम-मूसिल आधा रोकता, आधा छोड़ता. तुम लोग बी वैसेच हैं."

खरे तर अर्धवाहकाचा तसा अर्थ नव्हे. शुद्ध सिलिकॉन वीज जवळजवळ जाऊ देत नाही. त्यात कोट्यवधींत एखादा परका अणू मिसळला की तो वाहू लागतो. हे मी तिला समजावू लागलो आणि मध्येच गप्प झालो. आपण काय बोलत आहोत ते माझे मलाच ऐकू आले.

शेवटी अम्मीनेच होकार दिला. पेटी पुढे ओढून घेतली, थैलीतला कथलाचा तुकडा काढला आणि छोटीच्या हातावर ठेवला. "मेरे ससरे पैदल फिरते थे," म्हणाली. "तू रेल में जा."

जानेवारीत मी तिला सोडायला गेलो. कंपनीने मुलींसाठी वसतिगृह दिले आहे, बाहेर पहारा आहे, सोबत आसाम, ओडिशा, मराठवाडा अशा सगळीकडच्या मुली आहेत. आठ दिवसांनी तिचा फोन आला. ती हसत होती. "मामू, यहां तो सब के सब बुरखे में हैं, मरद लोगां बी!" स्वच्छ कक्षात जायचे तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, टोपी, मास्क, दोन दोन हातमोजे, फक्त डोळे उघडे. तिथे धुळीचे कण मोजतात. एका दर्जाच्या कक्षात घनफूटभर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे शंभराच्या वर कण चालत नाहीत. माणूस हीच तिथली सर्वांत मोठी घाण, कातडीचे कण झडत राहतात. म्हणून सुरमा नाही, पावडर नाही, अत्तर नाही. "ईद को बी नै?" अम्मीने विचारले. "ड्यूटी छूटने के बाद लगाऊंगी," ती म्हणाली.

काम ती थोडक्यात सांगते. तबकडीसारखी सिलिकॉनची चकती हिऱ्याच्या पात्याने कापून नखाएवढे किंवा त्याहून लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकडा पट्टीवर चिकटवून बारीक तारेने जोडतात. तार 25 मायक्रॉनची, आपल्या केसाच्या निम्म्याहून बारीक, सोन्याची किंवा तांब्याची. काम यंत्र करते, पण यंत्र चुकले हे सूक्ष्मदर्शकातून पाहून ओळखायला डोळा लागतो. सध्या ती ते ओळखायला शिकत आहे.

मी तिच्या नोकरीचे गुलाबी चित्र रंगवणार नाही. पाळ्या लांब असतात, या धंद्यात कंत्राटी कामगार पुष्कळ असतात, यंत्रे दरवर्षी हुशार होतात, कारखाने बंदही पडतात. अब्बांचे दुकान गेले, दादाजींचा भाता गेला, तसे हेही कधी जाईल. पण त्या दोघांना धंदा गेला तेव्हा दुसरा शोधायला शब्द नव्हते, कागद नव्हता. हिच्याकडे दोन्ही आहेत. ती आता कामावर राहून डिप्लोमाचा विचार करते आहे. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारात नाइलिट ही केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक्सची संस्था आहे, हे मला तिच्याकडून कळले. आम्ही औरंगाबादला शंभर वेळा गेलो, बीबी का मकबरा पाहिला, त्या संस्थेच्या फाटकापर्यंत कधी गेलो नाही. उर्दू शाळांतल्या माझ्या शिक्षक भावाबहिणींना एवढीच विनंती आहे, की सहलीत एक दिवस अशा फाटकासाठीही ठेवावा.

माझी नोकरी अजून तासिका तत्त्वावरच आहे. पण वर्गात एक बदल केला आहे. फळ्यावर तीन खाने कायमचे आखून ठेवले आहेत. हेडमास्तर पहिल्यांदा म्हणाले, उर्दू शाळेत हे कशाला? मी त्यांना छोटीची गोष्ट सांगितली. आता मराठीचे सर मधला खाना तपासून देतात.

परवा "बर्की रौ के असरात" पुन्हा आला. तिन्ही शब्द लिहिले. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, इम्तिहान में कौनसा लिखना?"

"उर्दू लिही," मी म्हणालो. "पण पाठ तिन्ही कर."

त्याने वही उघडली आणि पट्टी शोधू लागला. त्याच्याकडे पट्टी नव्हती. शेजारच्या मुलीने आपली दिली, आणि दोघांनी खाने आखायला घेतले.